पालकाला बोलावणे येते ते सहीपुरते



बाजार समितीत कापसाच्या गाडीला किती कट्टी लावली, ज्वारीच्या काट्यात किती मारले, हे आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत ताळेबंदावर बोट ठेवून प्रश्न विचारणारे दोन-चार जण आज बहुतेक गावांत निघतात. पण त्याच गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आपले पोर चार नाहीतर सात वर्षे जाते, आणि तिथे काय चालले आहे हे विचारायची वेळ आली की आपली जीभ टाळ्याला चिकटते. गुरुजींना काय विचारायचे, ते शिकलेले, आपण अडाणी, असे म्हणून आपण चपला घालतो आणि रानाची वाट धरतो.

शाळा आपल्याला काहीच कळवत नाही असे मात्र नाही. खूप कळवते. आधार कार्डाची झेरॉक्स आणा. बँकेचे पासबुक आणा. जातीचा दाखला काढा. पंधरा ऑगस्टला पोराला धुतलेला गणवेश घालून पाठवा. सोमवारी पालक सभा आहे, येऊन सही करून जा. तलाठ्याचे बोलावणे आणि शाळेचे बोलावणे यांत फरक एवढाच की शाळेत बसायला सतरंजी मिळते. या सगळ्या कळवण्यात शाळेला आपल्याकडून काय हवे ते असते. आपल्याला शाळेकडून जे हवे ते त्यात शोधून सापडत नाही. पोराला वाचता येते का? येत नसेल तर कुठे अडते? महिन्यातले किती दिवस ते वर्गात होते? शाळेला आलेला पैसा कशावर गेला?

ही माहिती देणे गुरुजींच्या मर्जीवर सोडलेले नाही. शिक्षण हक्काचा कायदा संसदेने २००९ साली केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या २४ व्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. वेळेवर येणे, अभ्यासक्रम पुरा करणे, प्रत्येक पोराची शिकण्याची कुवत बघून गरज पडेल तिथे जादा शिकवणे, ही कर्तव्ये आहेतच. त्यांच्या पंक्तीला आणखी एक बसवले आहे. आईबापांच्या नियमित बैठका घ्यायच्या, आणि पोराची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, त्याने केलेली प्रगती आणि त्याच्यासंबंधी असेल ती इतर माहिती त्यांना द्यायची. म्हणजे मास्तरांनी शिकवणे हे जसे त्यांचे काम, तसेच आईबापाला सांगणे हेही त्यांचे काम. ते उपकार करत नाहीत आणि आपण विचारले तर त्यांचा अपमानही होत नाही.

माझे शिक्षण शेतीशास्त्राचे. मला प्रगतिपुस्तक बघितले की माती परीक्षणाचा अहवाल आठवतो. २०१५ पासून जमिनीच्या आरोग्य पत्रिका वाटायला सुरुवात झाली. पत्रिकेवर सामू इतका, सेंद्रिय कर्ब इतका, स्फुरद कमी, पालाश भरपूर असे छापून येते. ज्याला कुणी बांधावर उभे राहून सांगितले की बाबा, तुझ्या या तुकड्याला अमुक खत एवढे पुरे, बाकीचे पैसे वाचव, त्याला त्या कागदाचा उपयोग झाला. ज्याच्या हातात नुसता कागद पडला त्याने तो पत्र्याच्या पेटीत ठेवला. पोराच्या प्रगतिपुस्तकावर 'ब-२' किंवा 'क-१' असे लिहून येते तेव्हा बाप सही करतो नाहीतर अंगठा उठवतो, आणि पुस्तक परत दप्तरात जाते. ब-२ म्हणजे पोराला हातचा घेऊन वजाबाकी येते की नाही? पाचवीतल्या पोरीला तिसरीचे पान अडखळत वाचावे लागते का? हे बोलून सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तिला तर ते तोंडीच सांगितले पाहिजे. मूल्यमापनाची पद्धत कितीही शास्त्रशुद्ध असू द्या, ज्याच्यासाठी केली त्याला ती उमगली नाही तर तो कचेरीचा कागद झाला.

शेती खात्यात हे आधी घडून गेले आहे. ऐंशीच्या दशकात प्रशिक्षण आणि भेट योजनेचा मोठा गाजावाजा होता. ग्रामसेवकाऐवजी शेतीचा वेगळा कर्मचारी, ठरलेल्या वारी ठरलेल्या गावाला भेट, आणि वरून पाठवलेला संदेश संपर्क शेतकऱ्यापर्यंत पोचवायचा. आम्हांला ती विस्तार शिक्षणाच्या तासाला पाठ करावी लागली. कागदावर त्या योजनेत काही चूक सापडत नाही. संदेश खाली यायला पक्की सडक होती. शेतकऱ्याचे उत्तर वर जायला मात्र पाऊलवाटसुद्धा नीट नव्हती. शाळेचे कळवणे आज त्याच सडकेवरून चालले आहे.

कोल्हापूरचा कायदा

मी राहतो कोल्हापुरात, ऊसवाल्यांच्या जिल्ह्यात. कापूस-ज्वारीवाल्यांसाठी इथून लिहायचे कारण पुढे येईलच. आधी इथल्या मातीतली एक गोष्ट सांगतो, कारण शाळा आणि पालक यांच्यातला करार या संस्थानात फार आधीच लिहिला गेला.

१९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळच्या मजुराला एक रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. दंडाची गोष्ट भाषणांत नेहमी सांगतात. तिच्या आधीची सोळा वर्षे सांगत नाहीत. १९०१ पासून महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली होती. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य समाजातली पोरे, एकामागून एक बोर्डिंगे निघाली. खेड्यातल्या कुणब्याचे पोर शहरात शिकायचे तर त्याला डोक्यावर छप्पर आणि दोन वेळची भाकरी लागते हे आधी ओळखले, आणि मग बापावर सक्ती केली. आजच्या सरकारांनी क्रम उलटा केला. कायदा मोठा, घोषणा त्याहून मोठी, आणि भाकरीचे बघू सवडीने.

त्याच्याही आधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे सांगितले होते की सरकारच्या तिजोरीतला पैसा रयतेच्या घामाचा आहे आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा अशी त्यांची मागणी होती. पैसा कुणाचा आणि तो कुणाच्या पोरांवर खर्च होतो, हा प्रश्न जुना आहे. तो शाळेच्या पातळीवर, आपल्या गावात, चालू वर्षाच्या हिशेबावर बोट ठेवून विचारायचा राहिला आहे.

दसऱ्यानंतरची शाळा

आता कारण सांगतो. शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल या पट्ट्यातला ऊस तोडायला जी माणसे येतात ती कोण? बीड जिल्ह्यातला पाटोदा, आष्टी, शिरूर कासार. सोलापूर-सांगलीकडचा मंगळवेढा, सांगोला, जत. ही कापूस आणि ज्वारी पिकवणारीच माणसे. पाऊस दगा देतो, कापसाचा पैसा बियाण्या-फवारणीत जातो, ज्वारीला भाव नसतो, आणि मुकादमाची उचल घेतल्याशिवाय वर्षाची मिळवणी होत नाही. नवराबायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीला टोळी निघते ती मार्च-एप्रिलला गावी परतते. पोरे बरोबर असतात. थोरली पोर कोपीत धाकट्याला सांभाळते, चुलीला पाचट घालते. पोरगा बैलांना वाढे टाकतो. शाळा गावाकडे, पोर फडात.

या पोरांच्या बाबतीत शाळा आणि आईबाप यांच्यात काय बोलणे होते ते बघा. गावच्या शाळेतल्या शिक्षकांची पदे ठरतात ती ३० सप्टेंबरच्या पटावरून. टोळ्या हलतात त्यानंतर. म्हणजे पोर मोजले जाते गावात, आणि मोजून झाले की गाडीत बसते. त्याच्या नावावर गावात शिक्षकाचे पद टिकते, पण ते स्वतः पाच महिने तीन-चारशे किलोमीटरवर असते. कोल्हापूरकडच्या शाळेत ते गेले तर तिथल्या ३० सप्टेंबरच्या पटात ते नव्हते, त्यामुळे त्याच्यासाठी जादा शिक्षक मिळत नाही. दोन्हीकडचे गुरुजी वाईट नाहीत. मोजणीची तारीखच अशी धरली आहे की ही पोरे कोणाचीच ठरत नाहीत.

शाळाबाह्य मुलांचा एका दिवसाचा सर्व्हे राज्यभर झाला तो ४ जुलै २०१५ रोजी. 'मिशन झीरो ड्रॉपआउट' नावाची मोहीम झाली ती जुलै २०२२ मध्ये. जुलैत कोयता घरी असतो हो! पेरण्या झालेल्या असतात, पोरे गावच्या शाळेत बसलेली असतात. मार्च २०२१ मध्ये एक पाहणी झाली ती हंगामात होती हे खरे, पण तेव्हा करोनाने शाळांचीच घडी विस्कटलेली होती. कपाशीवरची बोंडअळी मोजायला कोणी पेरणीच्या दिवशी शेतात जात नाही. एवढी अक्कल आकडे गोळा करणाऱ्यांना का नसावी?

कायदा या पोरांना विसरलेला नाही. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातल्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे असे नवव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. पाचव्या कलमात म्हटले आहे की दुसऱ्या शाळेत जायचे असेल तर मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने पोराला परत पाठवायचे नाही. शिक्षण हमी कार्ड नावाचा कागदही आहे. पोराचे नाव गावच्या शाळेत राहते आणि कार्ड दाखवून ते टोळी जाईल तिथल्या शाळेत बसू शकते. टोळी निघायच्या आदल्या आठवड्यात किती आईबापांना हे कार्ड हातात मिळते? मी फडांवर जाऊन विचारत असतो. बहुतेक ठिकाणी आई उलट मलाच विचारते, "असलं काय असतंय व्हय?"

नव्वदच्या दशकात साखरशाळा निघाल्या. कारखान्याच्या तळावर, कोप्यांच्या शेजारी वर्ग भरायचे. पुढे शिक्षण हक्क कायदा आला तेव्हा वेगळ्या तात्पुरत्या शाळा नकोत, पोरे नेहमीच्या शाळेतच गेली पाहिजेत, असे धोरण ठरले. तत्त्वाला माझी हरकत नाही. मात्र तळापासून शाळा किती लांब, मध्ये हमरस्ता आहे का, टोळी दर पंधरवड्याला फड बदलते तेव्हा काय करायचे, याची विचारपूस कोणी केली नाही. कोल्हापुरात अवनि या संस्थेने वीटभट्टी आणि ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठी वर्षानुवर्षे काम केले. अशा कामाचे मोल आहे, पण संस्था कुठे कुठे पुरणार? आणि टोळी निपाणी-चिकोडीकडे, म्हणजे कर्नाटकात सरकली की मराठी शाळा जवळ सापडेल याची खात्री नाही. तिथे आपल्याकडच्या कार्डाला विचारतो कोण?

दुसरा मार्ग गावातच राहण्याचा. हंगामी वसतिगृह. आईबाप गेले तरी पोर गावात आजीकडे किंवा नात्यातल्या घरी राहते, शाळेत शिकते, आणि जेवणाची सोय सरकारी पैशातून होते. ती चालवायची असते गावच्या शाळा व्यवस्थापन समितीने. तुमच्यापैकी अनेकांना हे ठाऊक असेल. ठाऊक नसेल तर दोष तुमचा नाही, कळवण्याचे काम ज्यांचे होते त्यांचा आहे. या योजनेत सगळे काही तारखेवर अडते. टोळी दसऱ्याला हलते आणि वसतिगृह दिवाळी उलटून गेल्यावर सुरू झाले तर बाप पोराला कोणाच्या भरवशावर ठेवील? तो पोराला गाडीत घालतो, आणि मग कागदावर लिहितात की पालक उदासीन आहेत. २०२१ साली राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली. चांगली गोष्ट आहे. आपल्या तालुक्यातले कुठे आहे, किती पोरांचे आहे, अर्ज कधी घेतात, हे शाळेच्या फळ्यावर लिहिलेले असले पाहिजे.

आणखी एका गोष्टीने हा प्रश्न निकडीचा झाला आहे. २०२३ मध्ये राज्याने ठरवले की पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घ्यायची. नापास झाला तर फेरपरीक्षा, त्यातही नापास झाला तर त्याच वर्गात. जो पोरगा नोव्हेंबर ते मार्च फडात होता तो एप्रिलमध्ये येऊन या परीक्षेला बसणार. त्याच्या आईबापाला हे उचल घेण्यापूर्वी सांगितले होते का? सांगितले असते तर कदाचित त्यांनी पाचवीतल्या पोराला आजीकडे ठेवले असते. न सांगितल्यामुळे नापासाचा शिक्का पोरावर बसेल, आणि पोरीच्या बाबतीत तर पुढचा रस्ता ठरलेलाच असतो. नापास झालीच आहे, आता शाळा कशाला, चांगले स्थळ आले आहे.

समिती कोणाची

आपण गावात असू द्या नाहीतर फडात, एक हत्यार आपल्या हातात आहे. शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे तिच्यात तीनचतुर्थांश सभासद आईबाप असतात आणि निम्म्या बायका. शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणे, शाळेचा विकास आराखडा करणे आणि आलेल्या अनुदानाचा विनियोग बघणे ही तिची कामे. बाजार समितीत मतदार होण्यासाठी आपण किती लढलो! इथे पालकांचे बहुमत कायद्यानेच दिले आहे, आणि आपण ते सरपंचाच्या भावकीला आणि मुख्याध्यापकांच्या वहीला देऊन मोकळे झालो आहोत. बैठकीचे इतिवृत्त आधी लिहून तयार असते, शिपाई घरोघर फिरून सह्या घेतो, बाई सभासदाची सही तिचा नवरा करतो. हे सगळ्या गावांत होते असे मी म्हणणार नाही. ज्या गावांत होत नाही त्यांनी हात वर करावेत, त्यांचे अभिनंदन करू.

हिशेब अवघड नाही. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटाप्रमाणे अनुदान मिळते. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. खडू, झाडलोट, किरकोळ दुरुस्ती यातून. आपल्या शाळेला या वर्षी किती आले, कोणत्या महिन्यात आले, आणि संडासाचे दार अजून का मोडके आहे, हे विचारायला पदवी लागत नाही. पोषण आहाराचे प्रमाण पहिली ते पाचवीला दर पोरामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम असे आहे. चाळीस पोरे हजर असतील तर चार किलो तांदूळ शिजला पाहिजे. ज्वारीची पोती अंदाजाने उचलून वजन सांगणाऱ्या माणसाला चार किलोचे पातेले ओळखता येणार नाही का? इतिवृत्त बघायला मागा. नाही दिले तर २००५ च्या माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहे, तीस दिवसांत उत्तर बंधनकारक. पोराच्या हक्काबाबत तक्रार असेल तर ३२ व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्यावी. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो.

समिती जागी नसेल तर काय होते ते शाळा बंद करायच्या हालचालींत दिसते. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचे राज्याने ठरवले. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा जोडून समूह शाळा करायची कल्पना पुढे आली. तोरणमाळ आणि पानशेतचे दाखले दिले गेले. वीस पोरांत दोन मास्तर परवडत नाहीत हे गणित मंत्रालयात सुटते. शाहूवाडी-गगनबावड्याच्या धनगरवाड्यावर धुवाधार पावसात सात वर्षांची पोर ओढा कशी ओलांडेल हे गणित तिथे मांडलेच जात नाही. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा राज्याचाच नियम आहे. अशा शाळेच्या बाबतीत आईबापाला निर्णय झाल्यावर कळवणे म्हणजे लिलाव झाल्यावर जप्तीची नोटीस देणे.

आता कळवण्याचे नवे साधन आले आहे, व्हॉट्सअ‍ॅपचा गट. शाळेने गटावर टाकले की पालकांना कळवले अशी नोंद होते. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, बाप रानात नाहीतर ट्रॅक्टरवर. आईच्या हातात फोन येतो तो रात्री, रिचार्ज असेल तर. माझे म्हणणे गट बंद करा असे नाही. टोळीवर गेलेल्या बापाला पोराच्या गुरुजींचा आवाज फोनवर ऐकू आला तर ती फार मोठी गोष्ट आहे, आणि असे फोन करणारे शिक्षक आहेत. पण पाच ओळींचा मजकूर वाचता न येणाऱ्या आईला पाठवून कळवल्याची नोंद करणे ही पळवाट झाली.

शिक्षकांविषयी एक शब्द बोलले पाहिजे, नाहीतर आपले काही मित्र हा लेख घेऊन शाळेत भांडायला जातील. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचे काम सोडून शिक्षकाला इतर अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे कायद्याचे २७ वे कलम म्हणते. प्रत्यक्षात दोन शिक्षकी शाळेतल्या एका गुरुजींचा निम्मा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. ते वर कळवण्यात इतके गुंतले आहेत की खाली, म्हणजे आपल्याला, कळवायला त्यांना वेळ उरत नाही. समितीने लेखी ठराव करून हे जिल्हा परिषदेला कळवले तर गुरुजी आपल्या बाजूला उभे राहतील.

शाळेच्या वेळापत्रकाचाही ठराव करता येतो. वर्षाचे शैक्षणिक वेळापत्रक ठरवणे नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणावर सोपवले आहे. पहिली ते पाचवीला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस भरले की झाले. कापसाची पहिली वेचणी आणि रब्बी ज्वारीची काढणी कधी येते हे जिल्हा परिषदेला आपण सांगायचे. पोरांना वेचणीला जुंपा असे मी म्हणत नाही. पण त्या पंधरा दिवसांत आई पहाटेच रानात जाते आणि धाकट्याला सांभाळायला थोरली घरी थांबते, हे हजेरीपटात दर वर्षी दिसते. त्या काळात शाळेची वेळ बदलली आणि अंगणवाडी उशिरापर्यंत उघडी ठेवली तर पोरीचे दिवस बुडणार नाहीत.

आणि टोळीवर जाणाऱ्यांसाठी एक काम लगेच करण्यासारखे आहे. उचल देताना मुकादम कोयत्यांची यादी करतो. नाव, गाव, रक्कम, बैलजोडी. कारखान्याकडेही त्या टोळीची नोंद असते. कोण कुठून निघणार आणि कोणत्या कारखान्याकडे जाणार हे पावसाळ्यातच लिहिले जाते, आणि शाळेला मात्र ते बाक रिकामे झाल्यावर कळते. त्या वहीत पोरांसाठी एक रकाना वाढवायचा. नाव, इयत्ता, गावच्या शाळेचे नाव. ती यादी गावच्या मुख्याध्यापकांना आणि कारखान्याच्या परिसरातल्या शाळांना पाठवायची. कोल्हापूरकडच्या ऊस उत्पादक सभासदांनी हा ठराव ऑगस्ट-सप्टेंबरात होणाऱ्या कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत मांडावा. त्यांचा ऊस ज्या हातांनी तुटतो त्यांच्याच पोरांची ही यादी आहे. कोरडवाहू गावांनी आपल्या समितीच्या ऑगस्टच्या बैठकीत दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: शिक्षण हमी कार्डे घटस्थापनेच्या आत वाटायची, आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव त्याच महिन्यात तालुक्याला पोचवून पोच घ्यायची. पोचेची एक प्रत पुढच्या जिल्हा बैठकीला येताना बरोबर आणा. कोणत्या तालुक्याने किती दिवस कागद दाबून ठेवला हे तिथे सगळ्यांसमोर वाचून दाखवू.